दाखला बाबांजवळ आहे

रविवारी सकाळी बाबा माझा दाखला घेऊन चर्चमध्ये मिस्साला गेले. दुपारी ते वाडीत पडले. सोमवारी संध्याकाळी आम्ही त्यांना पुरलं.

दाखला मिस्साला का नेला, ते सांगायला हवं. वसईजवळ सांडोरला आमची केळीची आणि भाजीची वाडी. पेरणीआधी बियाणं देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायचं, पहिला घड आल्तारापुढे ठेवायचा, ही आमच्या घरची रीत. मला बाहेरगावच्या विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश मिळाला होता. बाबांच्या लेखी माझा कॉलेज सोडल्याचा दाखला हेही बियाणंच. त्यांनी त्याची घडी घातली, आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवली आणि नेली. जेवताना म्हणाले, "फादरांनी हात ठेवलाय. आता बिनघोर जा." ते पुस्तक त्यांनी नेहमीप्रमाणे मरियेच्या तसबिरीखाली ठेवलं आणि वाडीत गेले.

शवपेटीत आईने त्यांच्या बोटांत जपमाळ गुंफली आणि हातांखाली ते प्रार्थनापुस्तक ठेवलं. रोज ज्यातून प्रार्थना केली ते पुस्तक माणसासोबत जायला हवं, असं ती म्हणाली. मी तिच्या शेजारी उभी होते. पुस्तकात काय आहे, हे दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही.

आठवलं ते सातव्या दिवसाची मिस्सा झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर. विद्यापीठाचं पत्र पुढ्यात घेऊन मी कागद लावत बसले होते. गुणपत्रिका होती. डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणायचं होतं. पालकाच्या सहीच्या जागी आता आईची सही येणार होती. आणि मूळ दाखला. तो दिल्याशिवाय प्रवेश पक्का होणार नव्हता आणि महिनाअखेर उलटली की जागा दुसऱ्याची. मी कपाट उपसलं, गाद्या उचलल्या. आई दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "तो तर त्यांच्याजवळ आहे." आणि तिथेच खाली बसली.

मी लहानपणापासून मुकी म्हणावी इतकी शांत. माझा राग कुणी पाहिला नव्हता, मीसुद्धा नाही. त्या दिवशी पाहिला. आईवर नव्हता तो. तसबिरीतल्या मरियेवर होता, तिच्या मुलावर होता. माणूस नेलास, वर कागदही नेलास? तुझ्याच दारात आशीर्वादाला आणला होता ना तो? घरात ठेवला असता तर राहिला असता. संध्याकाळी जपमाळेला मी आईसोबत बसत असे, पण "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" आलं की ओठ मिटून घ्यायची. आईला ते ऐकू यायचं. एकदाच म्हणाली, "फादरांना विचारू का? उघडतील ते." मी इतक्या जोरात "नाही" म्हणाले की परसातली कोंबडी फडफडत कुंपणावर गेली. एका कागदासाठी बाबांना उठवायचं? मग शिकून काय दिवे लावायचे होते मी?

कॉलेजात सांगितलं, दुय्यम प्रत मिळेल, पण दाखला कसा गेला त्याचं शपथपत्र आणा. मी वसईला तहसील कचेरीत गेले. बाहेरच्या टायपिस्टने न विचारताच टाइप केलं: प्रवासात गहाळ झाला. मी म्हणाले, प्रवासात नाही झाला. तो म्हणाला, "ताई, सगळ्यांचा प्रवासातच होतो." खाली लिहिलं होतं, ईश्वरसाक्ष सत्य सांगते की. ज्या ईश्वराशी माझं भांडण चाललं होतं त्यालाच साक्षीला बसवून बाबांबद्दल खोटं लिहायचं! मी तो कागद त्याच्यासमोर फाडला आणि खरं काय ते दुसऱ्या कागदावर टाइप करून घेतलं.

आत खिडकीवरच्या क्लार्कने ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि शेजारच्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "कबरीत? अहो, मग हे गहाळ कुठे झालं? जागा माहीत आहे तुम्हाला. काढून आणा."

कुणीतरी हसलं. बोलायला तोंड उघडलं तर रडू येईल, म्हणून मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. त्या क्षणी मनात देवाला जे म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दाखला गेल्याचं कळलं त्या दिवसानंतर मी त्याला पहिल्यांदाच काही म्हणाले होते.

"ओ साहेब," मागून एक बाई बोलली. "तुमच्या घरचं कोणी गेलं नाही काय कधी?"

"बाई, तुमचा नंबर आल्यावर बोला."

"नंबर गेला उडत! आमच्यात असतं तर चितेवर गेलं असतं ते. मग काय सांगितलं असतं हिला, राख लॅमिनेट करून आण?"

क्लार्कचा चेहरा उतरला. बाई पुढे येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. साधीशी साडी, हातात प्लास्टिकची पिशवी, कपाळ मोकळं. "माझ्या मिस्टरांचं लग्नातलं घड्याळ चितेवरही त्यांच्याच हातात राहिलं," ती त्याला हळू आवाजात म्हणाली. "ते काय गहाळ झालं का? गेलं त्यांच्याबरोबर. तसं लिहिलंय पोरीने. न्या आत."

तो कागद घेऊन आत गेला. थोड्या वेळाने साहेबांनी मला बोलावलं. ते हसले नाहीत. विचारलं, "वडील काय करायचे?" मी म्हणाले, "वाडी. केळी आणि भाजी." त्यांनी सही केली, शिक्का स्वतः मारला.

बाहेर आले तेव्हा बाई पायरीवर बसली होती. चंदनसारहून आली होती, मुलाच्या अॅडमिशनसाठी लागणाऱ्या दाखल्याचं विचारायला, आणि तिची रांग पलीकडच्या खिडकीची निघाली. "सकाळपासून चुकीच्याच लायनीत उभी," ती कपाळावर हात मारून म्हणाली. मग पिशवीतून खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "काल डोंगरावर जाऊन आले देवीला. चालतं ना तुमच्यात?"

मी तो तिथेच खाल्ला. मग रडले. ती माझी पाठ थोपटत राहिली आणि तिची खिडकी बंद झाली. "उद्या येईन परत," ती म्हणाली. मी तिचं नाव विचारलं नाही.

तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालत नाही. मरियेशी मी बोलत नव्हते, म्हणून तिने शेजारच्या डोंगरावरच्या आईला निरोप दिला असेल, असं आई म्हणाली. त्या संध्याकाळी जपमाळेत ती ओळ आली तेव्हा मी ती म्हटली. राग गेला नव्हता. दात आवळूनच म्हटली. पण राग घेऊनही गुडघे टेकता येतात, आणि पलीकडचा तेवढंही स्वीकारतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुय्यम प्रत मिळाली, प्रवेश पक्का झाला. मी शिकले. आता कॉलेजात शिकवते.

काही वर्षांनी आई गेली. आमच्याकडे घरातल्या माणसाला त्याच कबरीत ठेवतात, तशी बाबांची कबर उघडली. पुस्तक नव्हतं, कागदाचा कपटाही नव्हता. जपमाळेचा क्रूस तेवढा मातीत सापडला. तो माझ्या टेबलावर आहे.