बावीस दिवस झेंडा

मी त्याला बावीस दिवस कापसात झेंडा धरून उभा केला. नियम सात दिवसांचा होता. वरचे पंधरा दिवस माझे, आणि त्या पंधरा दिवसांत मला जे सुख मिळालं ते लपवावं असं आता या वयात वाटत नाही.

आम्ही दोघंही वसमतचे. त्याच्या वडलांचं जिनिंग होतं आणि माझी आई त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला जायची. माझे वडील कुरुंद्याला प्राथमिक शाळेत मास्तर होते. नांदेडला कॉलेजात असताना बोर्डावर विमान शिकण्याच्या सरकारी शिष्यवृत्तीचा कागद लागला. बाकीचे तो वाचून हसले आणि मी अर्ज केला. ती शिष्यवृत्ती मला मिळाली तेव्हा आईनं गल्लीत घरोघरी साखर वाटली, पण नेमकं काय झालं ते तिला कुणालाच नीट सांगता येईना.

फ्लाइंग क्लबात विमानं दोन, आणि त्यातलं एक कायम दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. फळ्यावर नाव लिहायचं आणि वाट बघायची. आठवड्याला अर्धा तास मिळाला तर नशीब. बाकीचा वेळ विमान पुसायचं, ढकलत बाहेर काढायचं, संध्याकाळी ढकलत आत न्यायचं. त्र्याहत्तरच्या शेवटी पेट्रोलची बोंब झाली तेव्हा तर महिनेच्या महिने आम्ही नुसतं पुसत बसलो. कमर्शियल लायसन्सला लागणारे तास भरायला मला चार वर्षं लागली.

तो माझ्या मागून वर्षभरानं आला. पहिल्या दिवसापासून मला नावानं हाक मारली नाही. "ए स्कॉलरशिप, ढकल की जरा," असं म्हणायचा आणि स्वतः पंखाला नुसता हात लावून चालायचा. सगळा क्लब मग मला स्कॉलरशिपच म्हणू लागला. सहा महिन्यांत त्याला रांगेचा कंटाळा आला. वडलांनी त्याला परदेशी पाठवलं, आणि तो आठ महिन्यांत लायसन्स घेऊन परत आला. तिकडं म्हणे सकाळी एक विमान, दुपारी दुसरं. वसमतच्या बसस्टँडवर भेटला तेव्हा काळा चष्मा लावून उभा होता. म्हणाला, "काय रे, तू अजून बैलगाडीनंच येऊन राहिला का?"

एअरलाइनच्या मुलाखतीला आम्ही एकाच दिवशी मुंबईत होतो, एकाच बाकावर. आतल्या साहेबांनी माझं लॉगबुक चाळलं आणि विचारलं, एवढ्या तासांना चार वर्षं कशी लागली? मी म्हणालो, पेट्रोल नव्हतं, विमान नव्हतं. खरंच सांगितलं. एक साहेब हसले. त्याचे तास माझ्याइतकेच होते, पण आठ महिन्यांतले. तो हुशार ठरला आणि मी मंद. निकाल लागला तेव्हा जिन्यात त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझं न्हाई आलं? मंग आता काय, मास्तरकी?"

माझ्या वडलांनी आयुष्यभर जे काम मान खाली न घालता केलं, ते त्यानं असं एका शब्दात थुंकून टाकलं. त्या जिन्यात मी त्याचा हात खाली काढला आणि मनात म्हणालो, तू माझ्या हातात एकदा सापड.

ज्यांना कुठल्या एअरलाइननं घेतलं नाही असे लोक तेव्हा फवारणीच्या कंपन्यांकडे जायचे. मीही गेलो. कापसावर अळी पडली की गावोगाव कंपनीचा कॅम्प लागायचा, आणि नशिबानं माझ्या वाट्याला आमचाच मुलूख आला. वसमत, कुरुंदा, डोंगरकडा. मुरमाच्या पट्टीवरून सकाळी उठायचं, पिकावर पुरुषभर उंचीनं जायचं, औषध सोडायचं, बांधावरच्या बाभळीआधी विमान वर ओढायचं, वळायचं, परत यायचं. एकाच सीटचं विमान. चूक झाली तर सांगायला शेजारी कुणी नाही.

रेघ सरळ यावी म्हणून शेताच्या दोन टोकांना दोन माणसं पांढरे झेंडे घेऊन उभी असत. विमान डोक्यावरून गेलं की त्यांनी वारं जिकडून येतं तिकडं तोंड करून वीस पावलं पुढं सरकायचं. तसं सरकलं की औषध मागं पडतं, अंगावर येत नाही. आमच्या कॅम्पची रीत अशी होती की नव्या पायलटनं आधी सात दिवस हा झेंडा धरायचा. त्या वर्षांत विहिरींवर मोटारी बसत होत्या. काल मोकळं असलेल्या शेतात आज लाकडी खांब आणि तार. वरून तार दिसत नाही, ती खाली उभं राहिलेल्यालाच दिसते. मीही सात दिवस उभा राहिलो होतो. चौथ्या हंगामापर्यंत माझे दीड हजार तास झाले आणि कंपनीनं मला कॅम्पचा मुख्य केलं. नवा माणूस कधी विमानात बसणार हे माझ्या एका ओळीवर ठरायचं.

त्याच हंगामात त्याच्या वडलांची जीप कॅम्पावर आली. एअरलाइननं त्याला परत पाठवलं होतं. खराब हवेत हात थिजतात, अनुभव घेऊन या, मग बघू, असं सांगितलं होतं. वडील खाली उतरले. ज्या माणसानं माझ्या आईला कधी नावानंसुद्धा बोलावलं नसेल, तो मला म्हणाला, "पायलटसाहेब, आमचं पोरगं तुमच्या हाताखाली द्यावं म्हणून आलो. तुमी म्हणाल तसं करंल."

तो जीपमध्येच बसून होता. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "इथं सगळे मला सर म्हणतात."

तो उतरला. थोडा वेळ चपलेकडं बघत राहिला. "बराबर हाय, सर."

देवानं दिलं म्हणावं, तर आमच्या घरात देव नाहीत. पण दिलं कुणीतरी.

इथं माझंही एक सांगायला हवं. मी त्या उन्हाळ्यात एअरलाइनला पुन्हा अर्ज केला होता आणि लेखी पास झालो होतो. आता फक्त मुलाखत बाकी होती. वयाची अट तिशीची, आणि मला डिसेंबरात तीस पूर्ण होणार होती. म्हणजे ही शेवटची खेप. दीड हजार तास हातात असताना या वेळी मला कुणी मंद म्हणणार नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं झेंडा ढेकळात रोवला आणि स्वतः बाभळीच्या सावलीत जाऊन बसला. झेंडा हलेना, म्हणून मी त्याच पट्ट्यावर दोनदा औषध टाकलं. खाली उतरून मी सगळ्या मजुरांदेखत त्याला झापलं. "हे काय परदेशात शिकवलं का तुला?" मजूर फिदीफिदी हसले. पण ती चूक त्यानं परत केली नाही, हेही खरं. तो पहाटे सगळ्यांच्या आधी शेतात जायचा, शेतकऱ्यांना विचारून कुठली मोटार नवी बसली ते वहीत उतरवायचा, खांब मोजायचा. हातापायांना फोड आले. वसमतला रोज घरी जाऊन झोपणं शक्य असताना तो तंबूतच राहिला.

सातव्या दिवशी विचारलं, "सर, उद्या?"

"तुला अजून वारं कळलं न्हाई."

दहाव्या दिवशी विचारलं. मी म्हणालो, "पावलं चुकतात तुझी." पावलं चुकत नव्हती.

बाराव्या दिवशी मी जे केलं ते वाईट होतं. मी मुद्दाम उलट्या बाजूनं सुरुवात केली, म्हणजे सरकत जाणाऱ्या माणसावर औषध उडत राहील अशा बाजूनं. मला वरून दिसत होतं, त्यानं रुमाल तोंडाला बांधला आणि तो जागेवर ताठ उभा राहिला. पण झेंडे दोन असतात. दुसऱ्या टोकाला कुरुंद्याचा एक म्हातारा मजूर होता, त्याचा मला विचारच आला नाही. मी उतरलो तर तो बांधावर ओकत बसला होता. मला बघून उठायला लागला आणि म्हणाला, "साहेब, आज वारं उल्टं हाय, तुमच्या ध्यानात आलं न्हाई वाटतं." मी त्याला जीपनं दवाखान्यात पोचवलं, दोन दिवसांनी तो परत आला. त्या म्हाताऱ्याशी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. त्या दुसऱ्याशी केलं त्याची वाटत नाही, निदान त्या दिवसाची तरी.

पंधराव्या दिवशी आमचा मिस्त्री माझ्याकडे आला. हैदराबादेकडचा मुसलमान, इंजिनाशिवाय कशात तोंड न घालणारा माणूस. "साब, उस लडके को बिठाओ. तैयार है." मिस्त्रीच्या शब्दाखातर मी त्या पोराला रिकाम्या टाकीनं दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि खाली उभा राहून बघितलं. त्यानं बाभळीआधी विमान जितकं आधी ओढायचं तितकंच आधी ओढलं. तार जिथं होती तिथं ती त्याला पाठ होती. हात कुठंही थिजला नाही. तो उतरला, आणि मी म्हणालो, "ठीक हाय. उद्यापासून परत झेंडा."

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं आणि पाना उचलून निघून गेला.

दोनच दिवसांनी मुलाखतीचं पत्र आलं. सोमवार, सकाळी दहा; त्याच्या झेंड्याचा बाविसावा दिवस. आणि त्याच आठवड्यात डोंगरकड्याकडं अळीनं धुमाकूळ घातला. शेतकरी कॅम्पावर येऊन बसायला लागले. कंपनीचा नियम साफ होता. कॅम्पावर दुसरा मंजूर पायलट असेल तर सुट्टी, नसेल तर नाही. तसाच निघून गेलो तर माझ्या तासांच्या दाखल्यावर कंपनी सही करणार नव्हती, आणि तो दाखला नसेल तर मुलाखतीत मी पुन्हा तोच चार वर्षांवाला.

दुसरा पायलट तंबूबाहेर बसून पायाच्या फोडांना तेल लावत होता. मला फक्त एक ओळ लिहायची होती.

त्याला हे मिस्त्रीकडून कळलं असावं. संध्याकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "सर, दोन दिवसांपुरतं लिहा. तुमी आल्यावर मी परत झेंडा धरतो, हंगाम सरेपर्यंत धरतो. मुलाखत काहून वाया घालवून राहिले?"

तो मनापासून बोलत होता. ते मला तेव्हाही कळलं आणि त्यानंच डोकं फिरलं. मला त्याचा मोठेपणा नको होता. त्यानं गयावया करायला हवी होती, आणि हा मलाच वाट काढून देत होता. मी म्हणालो, "तुझी घाई अजून गेली न्हाई."

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो होतो की उडणं घाईनं येत नाही, तास घासून काढावे लागतात. ते खरंच होतं. पण त्या संध्याकाळी मी ते त्याला सांगितलं तेव्हा त्यातला शब्दन् शब्द खोटा होता. तो तयार होता. त्याला रोखण्याइतका अनुभव फक्त माझ्याकडं होता, आणि मी तो तेवढ्यासाठी वापरत होतो.

दुसऱ्या दिवशी वसमतच्या पोस्टातून मी कंपनीला ट्रंक कॉल लावला. दोन तास बसल्यावर लागला. मॅनेजर भला माणूस. त्याला माझी मुलाखत माहीत होती, आणि मी जावं असं त्यालाही वाटत होतं. "अहो, तो नवा मुलगा आहे ना तुमच्याकडं? दोन दिवस सांभाळेल की तो. तुम्ही फक्त हो म्हणा, मी इथं कागद करतो."

पोस्टाच्या खिडकीतून तो मला दिसत होता. मला घेऊन जीपनं आला होता आणि बॉनेटला टेकून उभा होता. मी हो म्हणालो असतो तर सोमवारी मी मुंबईत असतो आणि तो विमानात. दोन्ही एकदमच होणार होतं, त्यातलं एक सोडून दुसरं घेता येत नव्हतं. जिन्यातला तो हात मला पुन्हा खांद्यावर जाणवला.

"नाही," मी म्हणालो. "कच्चा आहे अजून."

"नक्की?"

"नक्की."

मॅनेजर म्हणाला, "वाईट वाटतं हो. पण तुम्ही म्हणता म्हणजे प्रश्नच मिटला. एवढा अनुभव आहे तुमचा." आणि त्यानं फोन ठेवला.