विचारून थांबणारा माणूस

साळवे सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहरातल्या द्वारका चौकात पत्रकं वाटत होते. सरांच्या बायकोचा, काकूंचा फोन. "सर गेले गं," एवढंच म्हणाल्या. चहूबाजूंनी हॉर्न, आणि मी मूर्खासारखं विचारलं, "कुठे?" विचारल्यावर मला कळलं. त्याला आता महिना होऊन गेला.

सर आमच्याच कॉलनीतले. कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मला 'पत्रकवाली' म्हणायचे. माझं प्रत्येक पत्रक वाचायचे आणि प्रत्येकात खोट काढायचे. त्यांचं म्हणणं एकच : जग सगळ्यांना सारखं दिसत नाही. जो तो आपापली मापं घेऊन हिंडतो आणि त्या मापांनी माणसं मोजतो. ही मापं कळायला त्यांची एक युक्ती होती. ओळखीची तीन माणसं मनात आणायला सांगायचे आणि विचारायचे, "यातली कुठली दोन सारखी? तिसरं वेगळं कशात?" मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी ताडकन म्हणाले, "दोघे लढणारे, एक विकला गेलेला." सर हसले. "आणि काकू? ती कुठल्या डब्यात?" आतून काकू ओरडल्या, "मला कुठल्याच डब्यात घालू नका, पोळ्या करतेय मी!"

हरसूलकडच्या कमळचं प्रकरण मी त्यांच्याकडे नेलं ते पत्रकासकटच. डोंगरातल्या पाड्यावरची पोर, तिथल्या एका निवासी शाळेत होती. अधीक्षकांनी एका चाचणीवरून शेरा मारला होता : मुलगी मंद आहे, घरी न्यावी. घरी म्हणजे काय, तर आईबापांमागे द्राक्षाच्या बागांवर. आईबाप न्यायला आले की शाळा संपली. मी मथळा दिला होता, 'आदिवासी लेकीचा बळी!' सरांनी चष्मा लावून दोन्ही बाजू वाचल्या आणि विचारलं, "यात पोरगी कुठाय?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटीने हरसूल गाठलं. शाळेच्या पायरीवर सर कमळशेजारी बसले आणि शिकवणाऱ्या तिघांबद्दल त्यांनी तेच विचारलं. कमळ गप्प. माझ्याच्याने राहवेना, मी तोंड उघडलं तर सरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मिटलं. बराच वेळ गेला. मग पोर म्हणाली, "दोघी बाई इचारून थांबतात. सर इचारून पुढं जातात."

"पुढं गेले की तुझं काय होतं?"

पुन्हा तेवढाच वेळ. "मी तवर आमच्या बोलीतच असते. तुमच्या बोलीत पोचायची असते."

मला वाटलं, आता सर अधीक्षकांना फाडून खाणार. कसलं काय! त्यांच्यासमोर बसून चहा प्यायले आणि विचारलं, "कमळसारखी आणखी कोण होती हो तुमच्याकडे?" तो माणूस कपाळ पुसत म्हणाला, "होती एक. अशीच गप्प. एक दिवस कुंपणावरून पळाली. अख्खा दिवस रानात हाका मारत फिरलो. सापडली म्हणून बरं… सर, गप्प पोर दिसली की वाटतं, हीही पळणार."

परतीच्या एसटीत मी सरांशी भांडले. अन्याय करणाऱ्याची कसली मापं विचारता? सर म्हणाले, "अगं, तो पोरीला मोजतच नव्हता, स्वतःची भीती मोजत होता. ते त्याला आज दिसलं. शिव्या दिल्या असत्यास तर दिसलं असतं?" बोली वेगळी म्हणून पोर मंद ठरते, त्या व्यवस्थेवरचा माझा राग आजही तसाच आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं. पण अधीक्षकांनी कमळची चाचणी पुन्हा घेतली, या वेळी घाई न करता. शेरा त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला. कमळ शाळेत राहिली. आता ती नववीत आहे. सर अधूनमधून जायचे, पायरीवर बसायचे.

शोकसभा कॉलनीतल्या बुद्धविहारात झाली. मान्यवर भरभरून बोलले; ज्ञानाचा सागर वगैरे. मग कमळला पुढे बोलावलं. ती अधीक्षकांबरोबर आली होती. माइक हातात घेतला आणि… काहीच नाही. लोक चुळबुळू लागले. सूत्रसंचालक सवयीने पुढे सरसावला, "भावना अनावर झाल्यामुळे—"

सभाभर मान खाली घालून बसलेल्या काकूंनी हात वर केला. "थांबा ना जरा. निघालीय ती, पोचेल."

सगळे थांबले. मीसुद्धा.

"समदे," कमळ म्हणाली, "सोताला आधीच ठाव असतं तेच इचारतात. सरांना खरंच ठाव नसायचं."