गावाला मथळा एकच

शहापूरपासून मुरबाडपर्यंत माझ्या धाकट्या दिरांइतका मथळ्यांना जपणारा माणूस दुसरा दाखवा, मी त्याच्या घरी आठवडाभर भाकऱ्या थापायला जाईन. भातसानगरला धरणावर नोकरी झाली, निवृत्त झाले, आणि लोक ज्या वयात गुडघे धरून बसतात त्या वयात हे कॉम्प्युटर धरून बसले. साधं लिहायचं, ओळीआधी एक हॅश, म्हणजे ती # अशी जाळीसारखी खूण, टाकला की मोठा मथळा, दोन टाकले की त्याच्या पोटातला, तीन टाकले की त्याच्याही पोटातला. ह्याला म्हणे मार्कडाउन म्हणतात. मग त्याचं एचटीएमएल, म्हणजे वेबसाइटचं पान करायचं. मला हे इतक्यांदा समजावलंय, की आता शिकवणी मीच काढीन.

किराण्याची यादीसुद्धा तशीच. एका हॅशनं 'किराणा', दोन हॅशनी 'डाळी', तीन हॅशनी 'तूर'. शहापूरचा दुकानदार यादी उलटसुलट करून म्हणाला, "काका, बाकी बांधलं सगळं. ह्या जाळ्या किती द्यायच्या?" एकदा एका घरी लग्नपत्रिका बघितली, तर सात नावं ठळक. "एका पानाला सात मालक? मोठा मथळा एकच पायजे, वहिनी!" नवरीचे आजोबा शेजारीच होते. त्यांचं नाव सातवं. आम्ही चहा न घेताच उठलो.

पण ह्या वेडामागं आमच्या अक्का होत्या, माझी थोरली नणंद. डोळे गेल्यापासून त्या फोनकडून वाचून घेतात. बोट फिरवलं की फोन एका मथळ्यावरून पुढच्यावर जातो, आणि तो कितव्या पातळीचा तेही सांगतो. मुरबाडकडच्या आपल्या माहेरगावातल्या घराघराच्या आठवणी एकदा ऐकायच्या, एवढंच अक्कांच्या मनात होतं. म्हणून दिरांनी गावाला लिहायला बसवलं. एका सुनेनं दोन हॅशनंतर एकदम चार टाकले, अक्षर नाजूक दिसतं म्हणून. दीर एसटीनं तिच्या दारात हजर! "तीन कुठाय गो? मधली पायरी कोणी नेली?" ती बिचारी दारातली पायरी बघून आली.

सगळी घरं एका पानावर जोडली, तर प्रत्येकानं आपलं नाव एका हॅशनं टाकलेलं. काहींनी आजीची भाकरीही एकाच हॅशनं. अक्का ऐकून वैतागल्या, "सगळंच मोठं रे! कोणाचं घर सरलं नि कोणाचं लागलं, काय कळत नाय." मग दिरांनी गावाचं नाव तेवढं पहिलं ठेवलं, घरं दुसऱ्या पातळीवर उतरवली, भाकऱ्या तिसऱ्या. झालं! घरांची नावं बारीक झाली आणि गाव तापलं.

विहारात बैठक बसली. गावातले वडीलधारे तात्या उभे राहिले. "वर-खाली मोडायला आपण बुद्धाकडं आलो, नि तू आमच्या घराला खाली ढकलतोस? काढ आमचं पान!" मागून आणखी दोघं म्हणाले, "आमचं पण काढ."

दीर घामाघूम. असं एकेक पान गेलं तर अक्कांच्या हाती काय उरणार? त्यांनी फोन शेजारी बसलेल्या अक्कांकडे दिला.

अक्कांनी बोट फिरवलं. "पातळी एक," फोन म्हणाला, आणि गावाचं नाव. मग "पातळी दोन," तात्यांचं घर. "पातळी दोन," आमचं घर. "पातळी दोन," ओढ्यापलीकडचं, ज्याला कधी कोणी विचारलं नाही ते.

"म्हंजे सगळेच दोन?" तात्या.

"सगळेच, तात्या. माझं पण," दीर म्हणाले.

"मग आधी सांगायचं ना, येड्या! मी घरून भांडायची तयारी करून आलो." विहार खदखदून हसला.

त्या हसण्यात अक्का मात्र नव्हत्या. त्या एकेक घर मागं टाकत पुढं चालल्या होत्या. एका मथळ्याशी बोट थांबलं. त्यांच्या लहानपणीच्या मैत्रिणीचं घर. ती आता नाही, माणसं कल्याणला गेली, दाराला कुलूप आहे. तिच्या लेकानं तिकडून लिहून पाठवलेलं.

"हितं थांबते रे मी जरा," अक्का म्हणाल्या, आणि कोणाच्या ओटीवर टेकावं तसा पदर सावरून बसल्या.