आईच्या अंगावरचा शर्ट

"बूट काढ," सर म्हणाले. "फोटोत बरं दिसत नाही."

गमबूट फेलोशिपच्याच पैशातून मिळालेले. नव्वदच्या दशकातली गोष्ट. गरीब पोरांनी शेती शिकावी म्हणून नाशिकजवळच्या आमच्या कृषी विद्यालयात परदेशातून फेलोशिपचा पैसा यायचा. बौद्धवस्तीतून तिथं पोचलेली मी पहिलीच. त्या दिवशी पैसा देणारे पाहुणे बघायला आले होते.

मी बूट काढले. चिखलात अनवाणी उभी राहिले, हातात खुरपं. शेजारी बागाईतदाराचा पोरगा पाहुण्यांना ठिबक समजावत होता. त्याच्या पायात बूट होते. त्याला कुणी काही म्हणालं नाही.

आईलाही बोलावलेलं. ती द्राक्षबागेत मजुरीला जायची. त्या दिवशी खाडा करून आली, चौदा एप्रिलला नेसायचं निळं लुगडं नेसून.

सरांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मावशी, हे फारच नवं झालं."

शिपायानं एक मळका शर्ट आणला. बागेत मजूर बाया लुगड्यावरून घालतात, तसला. फवारणीच्या औषधाचा वास मारत होता. आईनं तो अंगात घातला. फोटो निघाला.

घरी जाताना ती म्हणाली, "मला वाटलं तुझी परीक्षा हाय. म्हनून घातला."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो फोटो ऑफिसात लागला. फेलोशिपच्या सहीला गेलं की समोर आई. मी मान वर करत नसे. पोरं मागून हाक मारायची, "ए फोटोवाली!" मी ओ द्यायची. त्याचीही लाज वाटते.

पुढच्या वर्षी सरांनी बोलावलं. "पाहुणे येताहेत. आईला आण. तो शर्ट ठेवलाय मी जपून."

जपून!

"आई शर्ट घालणार नाही," मी म्हणाले. "मी बूट काढणार नाही."

"फेलोशिप जाईल."

शेवटचं वर्ष बाकी होतं. घरात दुसरा आधार नव्हता.

"जाऊ द्या."

गेली. ते वर्ष मी सुट्टीच्या दिवशी आईबरोबर बागेत राबून काढलं. पास झाले.

फोटो आठवला की आजही मान खाली जाते. ती लाज माझ्या अंगातून निघत नाही. पण शिक्षणासाठी मदत मागायची वेळ आली तर मी पुन्हा जाईन. हक्कानं मागेन. आईला निळ्या लुगड्यात सोबत नेईन आणि बूट घालून आत शिरेन.