खापरखेड्याची फिकी निळी जर्सी

मी जर्मनीला निघालो त्या दिवशी नागपूरच्या विमानतळावर आमचा निम्मा फुटबॉल क्लब मला पोचवायला आला होता आणि सगळ्यांच्या अंगात क्लबची जर्सी होती. फिकी निळी, बाहीच्या टोकाला बारीक पांढरी पट्टी. कुणाची कोरी, कुणाची धुऊन धुऊन विटलेली. दारावरच्या जवानाला वाटलं, संघ कुठंतरी स्पर्धेला निघालाय. त्यानं विचारलं तसा आमचा गोलकीपर म्हणाला, "टीम कुठी नाही जाऊन राहिली साहेब. हा एकटाच जाऊन राहिला. आमी इथंच आहो."

आई ट्रॉलीपाशी उभी होती. तिनं त्या पोरांकडे एकदा पाहिलं आणि हळूच मला म्हणाली, "हे काहून घालून आले हे लोकं? घरी धड कपडे नाहीत काय याईच्या?" बाबांनी लगेच विमानांच्या वेळांचा बोर्ड वाचायला घेतला. मला वाटलं, चारचौघांत शोभत नाही म्हणून म्हणते आहे. आत गेल्यावर काचेतून वळून पाहिलं तर नुसता रंग दिसला, माणसं ओळखू येत नव्हती. रडू आलं नाही. यायला हवं होतं असं वाटलं, एवढंच.

तेव्हापासून मी ऱ्हाइनच्या काठच्या एका जुन्या कोळशाच्या गावात राहतो. इथल्या खाणी केव्हाच बंद झाल्या, फुटबॉल तेवढा चालू आहे. पंप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, चौथ्या मजल्यावर घर, आणि एक शनिवार सोडून एक शनिवार स्टेडियमच्या उभं राहून पाहायच्या स्टँडात हजेरी. तुम्ही क्लबवाले, जे खापरखेड्यातच राहिलात आणि जे माझ्यासारखे पुणे, बंगलोर, कुवेत असे पांगलात, त्या सगळ्यांना माहीत आहे की जर्सीचा विषय निघाला की माझं डोकं लवकर तापतं. ते इथं आल्यावर थंड व्हायला हवं होतं, हवाच तशी आहे. झालं उलटंच.

माझं म्हणणं साधं आहे. जर्सीला कॉलर असावी. पाठीवर नंबर असावा, नाव नको. आपला खेळाडू ज्याला नाव वाचून ओळखावा लागतो त्यानं घरी बसून टीव्ही पाहावा. छातीवर जुगाराच्या कंपनीपेक्षा आमच्यासारखं चौकातल्या सायकल स्टोअर्सचं नाव बरं, निदान तिथं पंक्चर तरी निघतं. दर हंगामाला नवी जर्सी काढायचा जो धंदा चाललाय त्यात कापडाला विटायलाही फुरसत मिळत नाही. आणि 'तिसरी जर्सी' हा प्रकार तर मला अजून पचलेला नाही. एका वर्षी आमच्या इथल्या क्लबनं ती जांभळी-पोपटी काढली. संघ मैदानात उतरला तेव्हा मला वाटलं, आता वरात मागून येतेय.

स्टँडात माझ्या शेजारी युर्गन उभा राहतो. खाणीत उमेदीची वर्षं घालवलेला म्हातारा, अंगात बिनबाह्यांचं जॅकेट, त्यावर इंचभर जागा न सोडता शिवलेले बिल्ले. जर्सीच्या बाबतीत तो माझ्याहून कडवा. इथल्या प्रत्येक क्लबाच्या रंगामागे काहीतरी कथा असते आणि त्याला त्या सगळ्या पाठ आहेत. त्यानं एकदा विचारलं, तुमच्या गावच्या क्लबाचा रंग कोणता, आणि का? मी त्याला तेच सांगितलं जे तुम्ही सगळे सांगता: आमचे जुने लोक अर्जेंटिनाचे वेडे होते, म्हणून फिका निळा. त्यानं मान डोलावली. कथा त्याला पटली. मलाच ती सांगताना कसंतरी झालं, कारण ती खरी नाही. खरं काय ते आमच्या घराबाहेर फारसं कुणाला माहीत नाही. ते आता सांगतो.

आपली पहिली जर्सी पांढरी होती. नागपूरकडे रंग निवडणं सोपं काम नाही. प्रत्येक रंगाला आधीच कुणीतरी मालक असतो, त्याचा झेंडा असतो, मिरवणूक असते. खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत सगळ्या समाजाचे, सगळ्या युनियनचे लोक. क्लब काढायचा ठरला तेव्हा रंगावरून इतकी वादावादी झाली की चेंडू आणायचं राहून गेलं. शेवटी पांढऱ्यावर एकमत झालं, कारण त्यावर कुणाचाच हक्क नव्हता आणि त्याला नाही म्हणायला कुणाकडे कारण नव्हतं. पॉवर हाऊसच्या चिमण्यांखाली, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघाला पांढरे कपडे! सभेला आलेल्या एकाही माणसाला हे सुचलं नाही. त्यातला एकही माणूस घरी कपडे धूत नव्हता.

बाबा क्लबचे सेक्रेटरी, म्हणून जर्सीचा एकुलता एक सेट आमच्या क्वार्टरमध्ये यायचा. सेक्रेटरी बाबा होते, धुवायला आई होती. सामना झाला की चिखल, राख आणि घाम यांचं ते गाठोडं मोरीत पडायचं. ती आधी साध्या पाण्यात भिजवायची, मग साबण, मग ब्रश, मग पुन्हा पाणी, आणि शेवटच्या बादलीत नीळ. वारा चिमण्यांकडून असला तर अंगणात वाळत घालायची नाही, आतल्या खोलीत दोऱ्या बांधायची आणि आम्ही ओल्या बाह्यांखालून वाकून जेवायला बसायचो. पुढच्या सामन्याला सगळे पांढरेशुभ्र. अनेक वर्षं हे असं चाललं.

आईचं माहेर उमरेडचं, हातमागावर लुगडी विणणाऱ्यांचं. त्या घरात विणलेल्या कापडावर डाग पडणं म्हणजे घराची अब्रू जाणं. व्यापारी ते लुगडं चार लोकांसमोर उलगडून दाखवायचा आणि परत करायचा. मग आजोबा दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत. आईनं हे लहानपणी पाहिलेलं होतं.

एकदा फायनलच्या आदल्या दिवशी जर्स्या काही केल्या उजळेनात. राख पार धाग्यात गेली होती. आईनं नीळ जरा जास्त घेतली, फडक्यात बांधून बादलीत फिरवायला लागली आणि फडक्याची गाठ सुटली. मी तिथंच अंघोळीच्या पाटावर बसलेलो होतो. कुठं गडद, कुठं फिके, असे निळे ढग त्या कापडावर उमटले. तिनं पुन्हा पुन्हा पाणी बदललं. डाग थोडे पसरले आणि सगळं मिळून एक ओबडधोबड फिकं निळं झालं. दुसरा सेट नव्हता. आई ओल्या हातांनी तशीच भिंतीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी संघ त्याच जर्सीत खेळला आणि जिंकला. आपले कोच, ज्यांना सगळे फोरमनकाका म्हणायचे, त्यांनी बक्षीस घेताना माइकवर सांगून टाकलं, "रंग आमीच बदलवला. आता हाच राहीन." त्यांनी ते आईची लाज झाकायला केलं असेल, किंवा जिंकल्याच्या भरात. पुढचा सेट शहरातून निळाच आला. तो फिका निळा कुणाच्याच झेंड्यात नव्हता, म्हणून भांडणही झालं नाही. अर्जेंटिना कुणी आणि कधी जोडलं ते मला माहीत नाही, पण जोडलं छान. आई मात्र त्यानंतर मैदानावर फिरकली नाही. मला वाटायचं, तिला फुटबॉल आवडत नाही.

ही खरी गोष्ट मी नंतर युर्गनला सांगितली. मला वाटलं, तो हसेल. त्यानं विचारलं, "त्या बाईचं नाव काय?" मी म्हणालो, सुमन. माझी आई. त्यानं बीअरचा ग्लास उंच केला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं तिचं नाव घेतलं. त्याच्या तोंडी ते 'झूमान' झालं. मला एकदम बरं वाटलं आणि मग लाज वाटली, की हे नाव क्लबाच्या कुठल्याच सभेत कधी निघालेलं नाही.

यंदा क्लबाचा वर्धापनदिन मोठा करायचा ठरलं आणि आताचा सेक्रेटरी पवन यानं ग्रुपवर नव्या जर्सीची डिझाइनं टाकली. एकात खालून वर जाताना निळ्याचा काळा होत होता आणि पोटावर विजेची रेघ होती. मी लगेच लांबलचक मेसेज लिहायला घेतला. परंपरा, फिका निळा, कॉलर, सगळं. शेवटी खरी गोष्टही लिहावी असं मनात आलं. आईचं नाव एकदा सगळ्यांना कळू दे. पण आधी तिला विचारावं म्हणून नागपूरच्या टोकाला, बेसाला फोन केला. बाबा रिटायर झाल्यावर तिथं फ्लॅट घेतला होता. आता बाबा नाहीत, आई माझ्या धाकट्या बहिणीसोबत तिथं राहते.

"काही सांगू नको कोनाले," आई म्हणाली.

"काहून वं आई? एवढ्या वर्षांची परंपरा आहे ती. तुझ्या हातची."

"माह्या हातची चूक आहे ते. तुमी तिचा झेंडा केला अन् मले रोज दाखवला." मग ती म्हणाली, "इतके वर्सं पांढरे धुतले मी. राखेत, बावा. कोनी एक दिवस म्हटलं नाही, का काय पांढरे आहेत म्हणून. एक डाव बिघडले, तं सारी कॉलनी आजपावतो तेच घालून फिरून राहिली."

विमानतळावर तिला काय दिसत होतं ते मला तेव्हा कळलं. आम्हाला वाटत होतं, आपण आपला रंग घालून उभे आहोत. तिला तिथं उलगडून दाखवलेला डाग दिसत होता.

मेसेज मी पुसून टाकला आणि दुसरा लिहिला: वर्धापनदिनाचा सामना पांढऱ्या जर्सीत खेळा. माझ्यासारख्या माणसानं हे लिहिणं म्हणजे भटजीनंच मुहूर्त मोडण्यासारखं होतं, आणि तुम्ही मला सोडलं नाही. पवननं लिहिलं, "भाऊ, तुमीच तं म्हनत होते का रंगाले हात लावाचा नाही. अन् पांढरी? खापरखेड्यात?" मी म्हणालो, निळ्याच्या आधी पांढरी होती, विचारा जुन्या लोकांना. फोरमनकाकांच्या मुलानं त्याच्या घरचा एक जुना फोटो टाकला, पांढऱ्या जर्सीतला. मग एका सामन्यापुरतं सगळे तयार झाले. कारण मी सांगितलं नाही. त्याबद्दल तुमच्यातले काही माझ्यावर चिडलेले आहेत हे मला ठाऊक आहे; हे लिहिण्याचं एक कारण तेही आहे.

पवननं आईला बोलावलं, ते जुन्या सेक्रेटरीची बायको म्हणून. येणार नाही असं मी धरून चाललो होतो. ती गेली. बहीण सांगते, पूर्ण सामना खुर्चीच्या टोकावर बसून पाहिला, गोल झाला तेव्हा टाळ्याही वाजवल्या, पण नजर चेंडूवर नव्हती. पोरं पडली की ती कुठल्या अंगावर पडली ते पाहत होती. सामना संपल्यावर ती उठून सरळ पवनकडे गेली आणि म्हणाली, "आना इकडे त्या जर्स्या." तो बिचारा ओशाळला. काकू, लॉन्ड्रीत देतो ना, म्हणाला. तिनं ऐकलं नाही. बहिणीच्या गाडीच्या डिकीत गाठोडं टाकून ती बेसाला घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी माझ्या फोनवर फोटो आला. बेसाच्या सोसायटीची गच्ची, पाण्याच्या टाक्या, आणि मधे दोऱ्यांवर ओळीनं जर्स्या. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये होतो. जेवण तसंच ठेवून बाहेर आलो आणि फोन लावला.

"मशीनमधेच टाकले गा," ती आधीच म्हणाली. "मी काई खुळी नाही."

"आई," मी म्हणालो, "काय पांढऱ्या झाल्या आहेत वं."

तिकडे मागून सोसायटीतला कुणीतरी गच्ची अडवल्याची तक्रार करत होता.

"हो," ती म्हणाली. "नीळ नाही टाकली."

इथं मला अधूनमधून कुणी विचारतं की तुझं घर नेमकं कुठं. पूर्वी मी रंग सांगायचो, नकाशावरचा ठिपका दाखवायचो. क्वार्टरमध्ये आता दुसरे लोक राहतात, बेसाच्या फ्लॅटमध्ये मी पाहुणा असतो, आणि ऱ्हाइनकाठच्या या चौथ्या मजल्यावर सगळं माझं असून मी पत्ता सांगताना अजून अडखळतो. आता मला वाटतं, घर म्हणजे ते लोक, ज्यांना आपण जे केव्हाच म्हणायला हवं होतं ते उशिरा म्हटलं तरी फोन ठेवून देत नाहीत. याहून मोठं काही मला सांगता येणार नाही. पुढच्या हंगामात तुम्ही निळी घाला, खुशाल घाला. माझा मेसेज आडवा येणार नाही. विजेची रेघ तेवढी काढा.

हे सगळं लिहून तुम्हाला पाठवू का म्हणून मी आईला परत विचारलं. तिनं थोडा विचार केला.

"लिही," ती म्हणाली. "पन निळीचं लिहिशीन तं त्याच्याआधी ते किती वर्सं पांढरे होते, ते लिहिजो."