बाबांचं शनिवारचं सूप

आई गेल्यावर चार महिन्यांनी बाबा आमच्याकडे अमेरिकेत, रेडमंडला आले. विमानतळावर मी त्यांना मिठी मारली तेव्हा हाताला पाठीची हाडं लागली आणि रडू यायच्या आधी मला राग आला. कुणावर ते विचारू नका. पुण्यातल्या नातेवाइकांवर, त्यांच्या स्वयंपाकाच्या बाईंवर, स्वतःवर. माझा स्वभावच तसा आहे. दुःख झालं की मी आधी भांडायला उठते.

घरी सगळं करून पाहिलं. थालीपीठ, मऊ भात, ताकातली पालेभाजी, आईच्या पद्धतीची आमटी. आमटी करायला नको होती, ती पहिल्या घासाला कमीच पडली. बाबा कधी नको म्हणायचे नाहीत, हीच पंचाईत होती. वरणभात कालवायला घ्यायचे आणि कालवतच बसायचे. मी ओट्याशी उभी राहून चोरून त्यांचे घास मोजायची. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या करून सांगितलं की आजार काही नाही, वजन मात्र असंच उतरत राहिलं तर अवघड आहे. बाबा म्हणाले, "चवच लागत नाही गं. तू उगाच जिवाला लावून घेतेस." बाहेर पाऊस सुरू होता. इथला हिवाळ्यातला पाऊस जोरात पडत नाही आणि थांबतही नाही, दुपारी तीनलाच घरात दिवे लावावे लागतात.

शनिवारी सकाळी माझ्या लेकीची मराठी शाळा असायची. ती बारा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत येतं. शाळेनंतर कुठे जेवायचं ते ती ठरवायची, हा आमचा जुना करार होता. एका शनिवारी मी बाबांनाही गाडीत घातलं. लेकीने जपानी हॉटेल निवडलं. दाराशी पडदे, आत लाकडी बाकं, काउंटरमागे एक माणूस सुशीच्या गुंडाळ्या कापत असलेला. लेकीच्या ताटलीत कच्चा मासा आला तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं कधी, पण जावयाच्या घरी आपण पाहुणे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलेलं.

त्यांच्यासाठी मी व्हेजिटेबल रामेन मागवलं. चित्रात नूडल्स, मक्याचे दाणे, मोड, मशरूम, पालक. तरीही मी त्या वेट्रेसला नीट विचारलं. चिकन घालता का, मासा, अंडं? ती म्हणाली, नाही, वरती फक्त भाज्या. इतकी वर्षं या देशात राहून, पिझ्झाच्या चीजपासून गोळ्यांच्या कॅप्सूलपर्यंत सगळं तपासणारी मी, त्यात काय घालता एवढंच विचारून गप्प बसले. ते कशात शिजवता, हे विचारायचं मला सुचलं नाही. आपल्या लोकांना तुकडा दिसला की कळतं, पाण्याचा संशय येत नाही.

बाबांनी विचारलं, "तू विचारलंस ना?"

"हो."

"मग झालं."

वाडगा मोठा होता, तसराळ्याएवढा. सूप पांढरट, दाट. बाबांनी एक चमचा घेतला, थांबले, दुसरा घेतला. "खोबऱ्याचं दूध घालत असावेत," म्हणाले. नूडल्स चॉपस्टिक्सने जमेनात तेव्हा नातीने काटा आणून दिला. आणि मग माझे वडील जेवले. खरोखर जेवले. कपाळावर घाम आला, नाक पुसलं, वाडगा दोन्ही हातांनी उचलून तळाचं प्यायले. मी मान खाली घालून बसले, कारण मला रडू येत होतं आणि लेक लगेच "आर यू ओके?" विचारणार होती.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिथेच. शुक्रवारपासूनच बाबा विचारायचे, "उद्या शाळा आहे ना तिची?" घरीही दोन घास जास्त जायला लागले. पट्टा एका भोकाने सैल करावा लागला. पुण्याला फोनवर आत्याला सांगायचे, "इथे एक सूप मिळतं, तू येशील तेव्हा नेतो."

पाचेक आठवड्यांनी, हॉटेलमधून आल्यावर बाबा आडवे झाले होते, तेव्हा लेक स्वयंपाकघरात आली. तिला स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचा नाद आहे. म्हणाली, "आई, यू नो दॅट्स पोर्क, राइट?"

"काय पोर्क?"

"आजोबांचं सूप. दे बॉइल द बोन्स ऑल डे. म्हणून व्हाइट असतं. आय थॉट यू न्यू."

मी हॉटेलला फोन केला. पलीकडच्या माणसाने अगदी सभ्यपणे सांगितलं की हो, रस्सा डुकराच्या हाडांचाच, भाज्या वरून. दुसरा एक रस्सा आहे, पण तो माशाचा.

सांगायला हवं होतं. त्याच संध्याकाळी, चहा देताना. मी चहा दिला आणि सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी बाबांनी आपण होऊन दुसरी पोळी मागून घेतली, मग मी कशाला सांगते! लेकीला मात्र दम भरला, "आजोबांना काही बोलायचं नाही."

"दॅट्स लाइंग."

"त्यांना बरं वाटतंय ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. बारा वर्षांच्या मुलीने असं बघू नये. पुढच्या शनिवारी मी थाई हॉटेलचं नाव काढलं, इटालियनचं काढलं. बाबा हिरमुसले, "तिथे ते सूप नसेल ना." मी गाडी जपानी हॉटेलकडे वळवली. असे तीन शनिवार गेले. मी समोर बसायचे, बाबा वाडगा उचलायचे, आणि मला माझ्याच ताटातलं काही गिळवायचं नाही. लेकीने मासा मागवणं बंद केलं होतं. ती नुसता भात खायची आणि आजोबांच्या वाडग्याकडे बघायची नाही.

चौथ्या शनिवारी आईचा वाढदिवस आला. सकाळी बाबांनी तिच्या फोटोला हार घातला, मी शिरा केला. दुपारी हॉटेलात त्यांनी अर्धाच वाडगा संपवला आणि म्हणाले, "उरलेलं पार्सल कर. नको, उष्टं नको. नवीन घे. तिच्यापुढे ठेवू."

"बाबा, बाहेरचं कशाला? शिरा दाखवलाय ना नैवेद्याला."

"नैवेद्य नाही गं. तिला चाखायला. तिनं आयुष्यात बाहेरचं खाल्लं काय कधी? मी नेलंच नाही कुठे. तिला आवडलं असतं हे."

मी पार्सल घेतलं. मला दुसरं काहीच करता आलं नाही. गाडीत ती पिशवी बाबांनी मांडीवर धरली होती, सांडू नये म्हणून. सिग्नलला थांबलं की वाटायचं आता बोलावं, आणि सिग्नल हिरवा व्हायचा.

घरी आल्यावर बाबांनी हातपाय धुतले, कपाटातून चांदीची वाटी काढली, आईचीच, आणि डब्याचं झाकण उघडून सूप ओतायला लागले. दोन चमचे पडले असतील. मी त्यांचा हात धरला.

"बाबा, नका ठेवू. त्यात डुकराची हाडं उकळलेली असतात."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील, उलटी करतील, निदान देवाचं नाव घेतील. त्यांनी वाटी सिंकमध्ये ठेवली, नळ सोडला आणि बराच वेळ घासत राहिले. मग पाठमोरेच विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलायची संधी होती. "चार आठवडे झाले," मी म्हटलं. "तुम्ही जेवत होतात, बाबा. मला दुसरं काही दिसत नव्हतं."

"हं."

हात पुसून ते वळले. आवाज नेहमीचाच होता. "तिच्यापुढे ठेवायच्या आधी सांगितलंस, बरं केलंस." मग फडकं जागेवर अडकवत म्हणाले, "मला सांगावंसं तुला नाही वाटलं."

मी माफी मागितली. पाया पडले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, "असू दे, असू दे" म्हणाले, आणि खोलीत गेले. दोन दिवस दूध आणि केळी घेतली. आत्याला फोनवर काही सांगितलं नाही, हवापाण्याचं बोलले. माझ्यावर रागावले असते तर मी भांडले असते, भांडून मोकळी झाले असते. त्यांनी ती सोयच ठेवली नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवायला बसले. मी साधं वरण केलं होतं, हिंग, हळद, मीठ, वरून तूप. भात वाढला, वरण वाढलं. बाबांनी हात ताटापर्यंत नेला आणि मागे घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. समोर बसलेल्या नातीकडे वळले आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत, हॉटेलात विचारावं तसं, हळूच विचारलं, "बेटा, इज इट व्हेज?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो आजोबा. मी पाहिलं."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ती न सांगता सगळं मराठीत बोलली. बाबांनी मान हलवली आणि भात कालवायला घेतला. पुण्याला परत जाईपर्यंत ते रोज तिलाच विचारायचे. मी वाढत राहायचे.