श्रीशैलला न्यायची गाडी

मल्लू गेल्याची बातमी मला दवाखान्यातून आली नाही. मोटरसायकलच्या शोरूममधून आली. माझा धाकटा भाऊ एका नव्या कोऱ्या गाडीवर बसल्या जागी गेला. गाडी स्टँडवर उभी होती, चालूसुद्धा नव्हती. हँडलवर दोन्ही हात आणि हातांवर टेकलेलं डोकं. बराच वेळ कुणाच्या लक्षातच आलं नाही, कारण डोळे मिटून अर्धा-अर्धा तास गाडीवर बसायची त्याची रीत तिथल्या सगळ्यांना माहीत झाली होती. “काकांचं चाललंय, उठवू नका,” असं ते एकमेकांना सांगत होते म्हणे. शेवटी दुसऱ्या गिऱ्हाइकाला ती गाडी बघायची होती, तेव्हा कुणीतरी खांद्याला हात लावला... मला फोन आला, “मावशी, काका उठंना झालेत.” माझ्या तोंडून पहिलं निघालं ते असं, “त्याला म्हणावं, भाकरी निवली, ये आता.” मला वाटलं, नेहमीसारखा हट्ट करून बसलाय.

आता महिना होऊन गेला. भेटायला येणारी माणसं थांबली. जो आला तो म्हणाला, किती शांत मरण, पुण्यवान माणूस. मी मान हलवत राहिले. मला चार माणसांत बोलता येत नाही, आधीपासून येत नाही. चौथीपर्यंत शिकले तेवढ्यावर लिहिता मात्र येतं, म्हणून हे माझ्यापुरतं लिहिते आहे. मरण शांत होतं हे खरं. पण जगताना त्या माणसानं मला जेवढा वैताग दिला, तेवढा कुणी कुणाला देऊ नये.

मल्लू म्हणजे मल्लिनाथ, एसटीत ड्रायव्हर होता. त्याची बायको लवकर गेली, मुलगी पुण्याला दिली. मी तर त्याच्या आधीच कपाळ पुसून माहेरी आलेली. जोडभावी पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही दोघं बहीण-भाऊ राहायचो. मी कडक भाकरी करते, दुकानदार येऊन घेऊन जातात. तो ड्युटीवर आणि मी चुलीपुढं, अशी वर्षं गेली. रिटायर झाल्यावर एक दिवस जेवताना म्हणाला, “अक्का, आता आपण श्रीशैलला जायचं. मोटरसायकलवर.”

श्रीशैल हे माझं लहानपणापासूनचं होतं. आई तिथं जाऊन आली होती. वर डोंगरावर नंदीच्या दोन शिंगांमधून मल्लय्याच्या देवळाचं शिखर बघायचं असतं, ते कसं दिसतं, हे ती भाकरी थापताना सांगायची. भावाचं नावसुद्धा त्या देवावरूनच ठेवलेलं. मी सोलापूर सोडून अक्कलकोटच्या पुढं कधी गेले नव्हते. तरी मी कधी कुणाला म्हटलं नाही की मला न्या. त्यानं आपणहून काढलं म्हणून मला इतकं बरं वाटलं की हातातला घास तसाच राहिला. मग म्हटलं, “बसनं जाऊ की. तुला तर पासबी असंल.”

“आयुष्यभर बस चालवली, आता मागं बसून दुसऱ्याचा क्लच ऐकत जाऊ व्हय? झोप लागायची न्हाय मला. आपली गाडी असली की कुटंबी थांबता येतं. अक्कलकोट, गुलबर्गा, रायचूर... पुढं जंगल. नंदीच्या शिंगांतनं शिखर बघायचं तर गाडीच्या हँडलमधनंच बघत जाऊ.”

“हँडल तुझ्यापुढं. म्हणजे दर्शन तुला आणि धूळ मला.”

तो इतका हसला की ठसका लागला. त्या दिवसापासून त्याची गाडी शोधणं सुरू झालं आणि ते संपलंच नाही.

माणूस गाडी घ्यायची म्हणजे काय करतो? दुकानात जातो, दोन गाड्या बघतो, एक घेतो. मल्लू दर आठवड्याला जायचा आणि मला घेऊन जायचा. मी पदर तोंडाशी धरून त्या काचेच्या दुकानात उभी, आजूबाजूला सगळी तरणी पोरं, आणि हा मोठ्यानं, “अक्का, बस गं मागं. कसं वाटतंय?” मी साडीत, एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि चार पोरं आमच्याकडं बघायची. मी म्हणायची, बरंय. तो म्हणायचा, “बरंय म्हणजे काय? कंबर पिळतीय का? पाय लोंबकळतोय का?” आता दुकानात, परक्या माणसांपुढं, कंबर पिळते का हे मी ओरडून सांगू?

एक गाडी उंच होती, त्याचेच पाय भुईला टेकेनात. एक बुटकी, रुंद, ऐटबाज होती. तिची पुढची सीट गादीसारखी आणि मागची भाकरीच्या तुकड्याएवढी. एक चालवून बघायला म्हणून आम्ही बोरामणी गावापर्यंत नेली, तर येईपर्यंत माझ्या मांड्यांना झिणझिण्या. एक त्याला फार आवडली होती. हँडल उंच, पाठ सरळ राहायची, दोन दिवस चालवली तरी मान दुखणार नाही म्हणाला. पण तिच्यावर एका बाजूला बसलं की पाय ठेवायला नीट जागा नव्हती. एवढ्यासाठी ती बाद केली. दुकानदार कंटाळून म्हणाला, “काका, अहो या लांबच्या प्रवासाच्या गाड्या दोन्हीकडं पाय टाकून बसणाऱ्यांसाठीच केलेल्या असतात.” मल्लू उठला आणि चालायला लागला. मी मनात म्हटलं, आता हा मला विचारेल. घरी येईपर्यंत वाट बघितली. नाही विचारलं.

डोळे मिटून बसायचं त्याचं शास्त्र ड्रायव्हरकीतून आलेलं. “पहिली दहा मिनिटं सगळ्याच सीट गोड बोलत्यात,” तो म्हणायचा. “खरं काय ते नंतर कळतं. मधी बोलायचं न्हाय, हलायचं न्हाय. अंगाला बोलू द्यायचं.” मी म्हणायची, माझं अंग चुलीपुढं बोलतंय, त्याचं आधी ऐक. पण नाही. पुढं पुढं शोरूम पुरेना म्हणून त्यानं घरातच कारखाना काढला. सीट कव्हर करणाऱ्याकडून एक लांब सीट बनवून आणली, निळ्या रेक्झिनची, आत काथ्या आणि स्पंज. ती आमच्या अंगणाच्या बुटक्या भिंतीवर घातली. पायाखाली बादली पालथी, बादलीवर वीट. “गाडी कुठलीबी घेऊ, सीट हीच बशिवणार. तू जोंधळे निवडायला हिच्यावर बसत जा. दुखलं की सांग.” मी सांगितलं की तो वीट काढायचा, नाहीतर फरशीचा तुकडा ठेवायचा, नाहीतर सीट काखेत मारून परत त्या कारागिराकडं. काथ्या जास्त झाला, स्पंज बसला, पुढं उतार आला... त्या सीटनं जेवढ्या खेपा केल्या तेवढ्यात आमचं दोनदा श्रीशैल झालं असतं.

गल्लीला तर खेळच झाला. शेजारची नरसम्मा पाणी भरायला निघाली की हटकून विचारायची, “काय अक्का, गाडी कुठवर आली? गुलबर्गा गेलं का न्हाई अजून?” आणि तिची सून तोंडाला पदर लावून हसायची. पदर कसला, ओढणी. ती ड्रेस घालते. आता तर नरसम्माही देवाला जाताना ड्रेस घालते. मी खाली मान घालून जोंधळे निवडायची. मला उत्तर सुचायचं, पण ती आत गेल्यावर.

गेल्या आठवड्यात रफीकभाई आले. त्यांचं गॅरेज मल्लूचं दुसरं घर होतं. उंबऱ्याबाहेरच खुर्चीवर बसले, चहा घेतला. भिंतीवरच्या सीटकडं नजर गेली. मग म्हणाले, “क्या बोलू अक्का... मी त्यांना सतरा वेळा बोललो. मल्लूभाय, अक्का दोन्हीकडं पाय टाकून बसली तर कुठलीबी चांगली गाडी चालंल. उद्या घे, परवा निघ. बाजूला बसवून एवढ्या लांब नेतात का कुणाला? ट्रकचा वारा लागला तर गाडी ओढंल, अक्काची कंबर जाईल. तर माझ्यावरच चिडायचे.”

“काय म्हणायचा?” मी विचारलं.

रफीकभाईंनी कप खाली ठेवला. “बोलले, अक्काला तसं बसायला मी सांगणार नाही. लहानपणी एकदा बसली होती म्हणून तिनं गल्लीपुढं मार खाल्लाय. मी बघितलाय. बोलले, मी सांगितलं तर ती नाही म्हणणार नाही, बसंल. पण सगळा रस्ता मान खाली घालून बसंल. मग तिला श्रीशैल काय दिसणार?”

मला आधी काही उमजेना. कसला मार? मग हळूहळू आठवलं. आमच्या वडिलांची, अण्णांची सायकल होती. गड्ड्याच्या जत्रेतून आम्ही घरी येत होतो, मल्लू पुढं दांडीवर आणि मी मागं कॅरियरवर, परकर गुडघ्यावर घेऊन दोन्हीकडं पाय टाकून बसलेली. दारात आत्या उभी होती. मी उतरायच्या आत तिनं माझ्या गालफडात दिली होती. पोरीच्या जातीनं असं बसतात का, म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलली. मल्लू तेव्हा एवढासा. तो दांडीवर बसूनच रडायला लागला होता, ते आता आठवलं. नंतर मी सायकलवर बसले नाही. सायकलवर बसायचं माझं वयच सरलं, काम पाठीमागं लागलं. पण खरं सांगायचं तर त्या दिवसाची चपराक मी साफ विसरले होते. मला आठवत होता तो रस्ता. दोन्ही पाय मोकळे, पायांत वारा, अण्णांची पाठ, आणि जत्रेचे दिवे मागं मागं जाताना... ते मी चुलीपुढं बसून कितीदा तरी आठवलेलं आहे. आणि हा शहाणा ती चपराक जपून बसला. जन्मभर.

रफीकभाई गेल्यावर मला रडू यायला पाहिजे होतं. मला राग आला. अरे बाबा, विचारायचं की! एकदा, घरात, दार लावून विचारायचं. अक्का, दोन्हीकडं पाय टाकून बसशील का? बसले असते. ड्रेस शिवला असता, नरसम्माच्या सुनेच्याच शिंप्याकडं. गल्ली हसली असती तर हसली असती, तशी ती हसतच होती. कुणी म्हणेल, मग तू का नाही बोललीस? पण न विचारलेलं सांगायची सवय मला कुणी लावली? आत्यानं लावली, का नवऱ्यानं, का यानं? दुकानात शंभर माणसांपुढं माझी कंबर विचारणारा माणूस हे एक विचारायला लाजला. ड्रायव्हर होता, नागमोडी घाटात बस वळवायचा, आणि बहिणीपुढं एवढं एक वाक्य त्याला वळवता आलं नाही. मला लाज वाटू नये म्हणून त्यानं त्या उंच हँडलच्या गाडीला नाही म्हटलं, ज्या गाडीवर आम्ही केव्हाच जाऊन आलो असतो. आणि शेवटी ज्या गाडीवर तो गेला, ती तीच होती. शोरूमच्या पोरानं परवा सांगितलं. काका परत तीच बघायला आले होते, म्हणाले डाव्या बाजूला पाय ठेवायला एक पत्रा वेल्डिंग करून बसतो का बघू... म्हणजे अजून पत्राच. विचारायचं नव्हतंच.

काल दुपारी भाकरी झाल्या. जोंधळे घेऊन बाहेर आले. सीट भिंतीवर तशीच होती, धूळ बसली होती. पुसली. सवयीनं बादलीवरच्या विटेवर पाय ठेवायला गेले आणि थांबले. सूप खाली ठेवलं. बादली पायानं बाजूला सारली, वीट गडगडत जाऊन नळाजवळ पडली. गल्लीत कुणी नव्हतं. असतं तरी... काय माहीत. साडी गुडघ्यापाशी धरली आणि एक पाय पलीकडं टाकून बसले. दोन्ही पाय भुईच्या जरा वर, मोकळे. सीट रुंद आहे, पुढं उतार नाही, काथ्या बरोबर बसलाय. कंबर कुठंच पिळत नव्हती. काय सांगू, फार चांगली केली होती त्यानं.

पहिली दहा मिनिटं सगळ्याच सीट गोड बोलतात, म्हणून मी उठले नाही. डोळे मिटले. बोलायचं नाही, हलायचं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. घागरीचा आवाज आला आणि पाठोपाठ नरसम्माचा, तोंडात बसलेल्या सवयीचा, “काय अक्का, गाडी कुठवर...” आणि मग ती मधेच थांबली. जीभ चावली असणार. मी डोळे उघडले नाहीत, पण पायही काढला नाही.

“रायचूर मागं पडलं,” मी म्हटलं. “आता जंगल लागंल.”